सेकंडच्या मालातलं आभाळ

लग्न होऊन मी सुरतेला आले, तेव्हा पांडेसऱ्यातल्या आमच्या खोलीला दार होतं, खिडकी नव्हती. नवरा प्रिंटिंग मिलमध्ये रातपाळीला. दिवसा तो झोपायचा आणि मी भांडंसुद्धा जपून ठेवायचे. बोलणार कोणाशी? गुजराती कळायचं नाही, हिंदीला जीभ वळायची नाही. दुपारी मी माठाशीच अहिराणीत भांडायचे. हसा खुशाल, पण खरं तेच सांगते.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, ज्याच्या त्याच्यावर निसर्गदेखावे छापायची टूम निघाली होती. छापताना एखाद्या रंगाची जाळी सरकली की तो माल सेकंडमध्ये जायचा आणि कामगारांना मातीमोलानं मिळायचा. असाच एक पडदा नवऱ्यानं घरी आणला. निळे डोंगर, वर काळे ढग, आणि पाऊस ढगाला सोडून टीचभर बाजूला पडतोय.

"अहो, हा कुठल्या गावचा पाऊस म्हणायचा?" मी विचारलं.

"आभाळ आणलंय घरी, तर खोड काढते!" असं म्हणून तो झोपला.

मी पडदा भिंतीवर टांगला आणि रोज त्याच्यासमोर बसू लागले. आधी बरं वाटायचं. मग जास्तच भकास वाटायचं, कारण एवढ्या डोंगरात छापणाऱ्यानं एक माणूस काढला नव्हता. मेल्यानं निदान एखादी शेळी तरी काढायची!

चैत्रात गावचे एक काका मुलाला भेटायला सुरतेला आले आणि मलाही भेटून जातो म्हणाले. माहेरच्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, ही आमच्याकडची शिकवण. मी पडद्याला चुण्या घातल्या, खिडकीवर घालतात तशा, आणि टेबलफॅन कोपऱ्यात पडद्याआड लपवला. पडदा हलायला लागला. काका चहा पिता पिता म्हणाले, "वा! खिडकी मोठी दिसते. हवा पण काय झकास आहे!"

"हो ना," मी म्हटलं. आणि एवढ्यावर न थांबता म्हटलं, "कधी कधी तर थंडी वाजते."

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. पण आपल्या पायानं जायचं नाही. न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. न बोलावता गेलं, तर नवऱ्यानं टाकली म्हणून गावभर बोभाटा. मी पिशवी भरून ठेवली आणि भावाची वाट बघत बसले. दारावर कोणाचं पाऊल वाजलं की उठायचे. माझा सगळा जीव त्या पावलांत होता.

पाऊल वाजलं ते शेजारणीच्या दारात. ती माझ्या माहेरच्याच गावची, पण दिवसभर कामावर असायची; तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. त्यानं माझ्या हातात सांजोऱ्यांचा डबा दिला. म्हणाला, "तुझ्या आईनं पाठवल्या. भाऊ तुझ्या धाकट्या बहिणीकडे गेलाय. तिला सासरी फार त्रास आहे. तुझी आई म्हणाली, 'मोठी पोर सुखमा शे, मंग लेवाले कसाले जावानं?' काकांनी गावात सांगितलंय ना तुझ्या खोलीचं."

मला हुंदकाच फुटला. शिकवण गेली चुलीत! मी त्याला दारातच धरलं. "दादा, आईला सांगा, मला इथं करमत नाही. दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडत नाही. दोन दिवस उशिरा येऊ दे, पण भावाला पाठव म्हणावं. सांगाल ना?"

उधन्याहून त्यांना गाडी गाठायची होती. त्यानं बहिणीची पिशवी खांद्यावर घेतली आणि हसला. "अगं, आखाजी आली की सगळ्याच पोरी असं रडतात. ही पण मला बघून रडलीच की."

शेजारीण ओठ दाबून हसली. मग दोघं जिना उतरून गेली.