बडग्याला दिलेला शर्ट

"थांबा सर, पाहू द्या मले."

असं म्हणून आमच्या ड्रॉइंगच्या मॅडम दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायच्या आणि एक डोळा मिटून तिच्यातून समोरच्याकडे बघत राहायच्या. मग तो शिपाई असो, पालक असो, की मी, मुख्याध्यापक. तुमच्याकडे कुणी असं बघितलंय कधी? आधी हसू येतं. मग उगाच कॉलर सारखी करावीशी वाटते. मग वाटतं, आपलं नको ते हिला दिसू नये म्हणजे झालं.

आमची शाळा जुन्या नागपुरातली. ड्रॉइंगची खोली मागच्या अंगाला, टिनाच्या छपराखाली. तिथं मॅडम पोरांना काढण्याआधी बघायला लावायच्या. एकानं हातात दिलेलं वांगं काढलं, जांभळं, गुळगुळीत, सुरेख.

"हे पुस्तकातलं वांगं आहे," मॅडम म्हणाल्या. "काटा कुठी आहे याचा? तुले टोचला का नाही?"

पोरानं बोट दाखवलं. टोचला होता.

"मंग तो काढ ना बाप्पा!"

पुढे अनुदान आटलं. संस्थेच्या बैठकीत ठरलं, की ती खोली प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला द्यायची आणि मॅडमचं मानधन बंद करायचं. "चित्रं काढून मिहानच्या कंपन्यांमध्ये नोकरी लागते का?" एक सदस्य म्हणाले. सगळे हसले. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?" मला ते वांगं आठवलं. मी चहा प्यायलो. माझं कुणी ऐकलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. खरं असं आहे, की मी बोललोच नाही.

मॅडमना मी सांगितलं, "वरून आलंय." त्यांनी चौकट केली नाही. "बरं," म्हणाल्या. "पोळ्यापर्यंत तर आहो ना मी? बडग्या बाकी आहे."

बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारी बाईची मूर्ती, निघते आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे बांबूच्या कमच्यांचे आणि कागदाचे मोठाले पुतळे. लोकांना छळणाऱ्या पीडेचे. गावभर मिरवायचे आणि शेवटी जाळून टाकायचे. मॅडम दरवर्षी पोरांकडून एक करून घेत आणि त्याच्या अंगात घालायला माझ्याकडून जुना शर्ट नेत.

त्या वर्षीही आल्या. मी शर्ट दिला. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "काहून दिला जी? साऱ्या मोहल्ल्यात बोलून राहिले, यंदा तुमचाच बडग्या आहे म्हणून!"

राहवेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या खोलीच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. आत माझाच चेहरा होता. मिशीसकट.

"मिशी जमली," मॅडम पोरांना सांगत होत्या. "पण डोळे चुकले. सरांचे डोळे असे लाल कुठी आहेत? ते रागात नसते रे. भ्यालेले असते."

"मंग सरांचा नाही करायचा?"

"बडग्या माणसाचा नसते. पीडेचा असते. सरांची पीडा काय आहे, ते पाहा."

पोरं पुन्हा बडग्याकडे बघू लागली. मग एक मुलगी म्हणाली, "सर बोलतच नाही ना मॅडम."

मी पाय न वाजवता निघून आलो.

मिरवणुकीत बडग्या डुलत निघाला. मिशी काढून टाकली होती. चेहऱ्याला तोंडच नव्हतं. गळ्यात पाटी होती: "तोंड असून चूप बसणाऱ्यांची पीडा घेऊन जा गे मारबत!" लोक टाळ्या पिटत होते. शर्ट माझा, हे त्या गर्दीत आम्हा थोड्यांनाच ठाऊक. मीही मागून ओरडत गेलो. आधी हळू, मग घसा बसेपर्यंत. शर्ट जळाला तेव्हा मॅडम शेजारीच उभ्या होत्या. "आता नवा घ्या सर," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत मी चहा घेतला नाही. खोली माझ्या गप्प बसण्यानं गेली, हे सांगितलं. पोरं तिथं काय शिकत होती, तेही सांगितलं. खोली परत मिळाली नाही. ड्रॉइंगला शनिवारचे दोन तास मिळाले, सायकल स्टँडमध्ये.

हे सांगायला मी फोन केला, तोवर मॅडम रामटेककडे आपल्या गावी गेल्या होत्या. तिथल्या पोरांना धानाच्या बांधावर बसवून शिकवत होत्या. "आता मी नाही येत सर," म्हणाल्या. "पण माह्या हातची एक पोरगी आहे तिथं नागपुरातच, हुडकेश्वरले. तिले पाठवते." मी माफी मागायला लागलो. त्या हसल्या. "झालं ना बोलून! आता पोरांसाठी बोलत राहा."

ती पोरगी दर शनिवारी स्कूटीवर येते. मॅडमचीच शिष्या, आधी बघायला लावते. परवा तिनं मला सायकलींमध्ये स्टुलावर बसवलं, पोरांना चेहरा काढायला. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीनं बोटांची चौकट केली आणि एक डोळा मिटला. या वेळी मी कॉलर सारखी केली नाही.

"काय दिसते गं?" मी विचारलं.

"बोलू नका ना सर," ती चिडून म्हणाली. "तोंड काढून राहिली मी."