निघताना बंद केलं

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. नाही करत? बरं, मग हसा. माझ्या अब्रूचं जे व्हायचं ते किन्हवलीत भर सभेत होऊन गेलंय. तुमच्यासमोर आणखी काय व्हायचं राहिलंय?

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. घराला कुलूप लावलं की मी ते ओढून बघतो. फाटकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा ओढून बघतो. गॅस, दिवे, पंखे, पाण्याचा पंप, सगळं बंद झाल्याची खात्री होईपर्यंत माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. एकदा मुरबाड स्टँडवरून सुटलेली एसटी थांबवून मी घरी परत आलो, गिझर बघायला. तो बंद होता. नुसता बंद नव्हता, दुरुस्तीला गेलेला होता!

काय करणार? सांख्यिकीत डॉक्टरेट केली आणि उभा जन्म कॉलेजात संभाव्यता शिकवली. अशा माणसाला काय काय घडू शकतं हे फार नीट माहीत असतं. झोप कशी लागणार त्याला?

तर अशा माणसाला वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, किन्हवलीची, आता कॉम्प्युटरच्या नोकरीत. गावातल्या लोकांना घेऊन तिने विहाराशेजारच्या हॉलमध्ये अभ्यासिका काढली होती. भरतीच्या ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी मी गणित शिकवावं, असं तिचं म्हणणं.

"अगं, रोज किन्हवलीला येणं या वयात..."

"यायचं नाय सर. मुरबाडला घरी बसून शिकवा."

"मला जमेल का गं ते?"

"सर, तुमी आमाला इंटिग्रेशन शिकवलंत. आमाला तरी कुठं जमणार होतं?"

मी हो म्हटलं.

रविवारी ती घरी आली आणि माझ्या लॅपटॉपवर सगळं बसवून गेली. व्यवस्था मोठी गमतीची होती. एका दात्याने अभ्यासिकेला एक दणकट मशीन दिलं होतं. मुलांसमोर जुने स्क्रीन आणि कीबोर्ड. त्यांचे कॉम्प्युटर मात्र खरे नव्हेत, आभासी. ते सगळे त्या एकाच मोठ्या मशीनच्या पोटात!

"म्हणजे चाळ आहे ही," मी म्हटलं.

"चाळच सर. एकेक खोली एकेका पोराची. आणि तुमच्याकडे मालकाची चावी."

ती चावी म्हणजे व्ह्यूअर नावाचा एक प्रोग्रॅम. तो उघडला की किन्हवलीच्या मोठ्या मशीनचा पडदा माझा अख्खा लॅपटॉप व्यापून टाकायचा. तिथून कोणत्याही मुलाची खोली उघडून त्याचं काय चाललंय ते बघायचं. मी मुरबाडात ओसरीवर बसलेला, आणि रुपालीचा चुकलेला अपूर्णांक मला दिसतोय! एवढंच नाही, माझा बाण तिच्या पडद्यावर जाऊन त्या अपूर्णांकाभोवती गोल काढतोय!

"सर ओ, भूत फिरल्यावानी वाटतंय!" रुपाली ओरडायची.

ही रुपाली शेणव्याची. किन्हवलीत मामाकडे राहायची, दिवसभर शहापूरला कपड्यांच्या दुकानात उभी असायची आणि संध्याकाळच्या एसटीने उतरली की थेट अभ्यासिकेत. तिची परीक्षा जवळ आलेली. घरी मोबाइल एकच, तोही मामेभावाच्या खिशात. सरावाचे पेपर सोडवायचे ते इथेच, वर्ग संपल्यावर.

"जय भीम सर" असा एका सुरात गजर झाला की माझा वर्ग सुरू. वर्ग संपला की चहा. चहा झाला की लॅपटॉप रीतसर बंद. कोपऱ्यातलं शटडाउन दाबायचं, पडदा काळा झाला की वर हिने विणलेला रुमाल घालायचा. आणि मग शांतपणे जेवायला बसायचं. निवृत्तीनंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं!

आणि मग, मुलं वर्गानंतर सरावाला बसू लागली तेव्हा, ते सुरू झालं.

"सर, सगळं गेलं ओ!" कोणाच्या तरी मोबाइलवरून रुपालीचा फोन. "आमी पेपर सोडवत होतो, सगळ्यांचे स्क्रीन एकदम काले. माझा अर्धा पेपर गेला!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

संशय कोणावर? काशिनाथवर. काशिनाथ म्हणजे गावचा वायरमन. अभ्यासिकेतलं वायरिंग त्याचं, इन्व्हर्टरही त्यानेच फुकट दिलेला. अख्खी किन्हवली त्या इन्व्हर्टरला नावं ठेवू लागली.

"माझा इन्व्हर्टर?" त्याने फोन करून माझ्याकडेच दाद मागितली. "सर, या इन्व्हर्टरवर दोन लग्नं लागलीत! नवरदेव हलला, पण लाईट नाय हलली!"

मी म्हटलं, शांत हो. याचा शास्त्रीय अभ्यास करू या.

केला अभ्यास! कोणत्या दिवशी मशीन बंद पडतं, कोणत्या दिवशी नाही, याचा सुबक आलेख काढला. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्या दिवशी माझा वर्ग, त्या दिवशी मशीन बंद. ज्या दिवशी वर्ग नाही, त्या दिवशी मशीन ठणठणीत. याचा अर्थ काय? अर्थ उघड आहे! माझ्या वर्गाचा ताण पडून मशीन तापत असणार, आणि थोड्या वेळाने मान टाकत असणार. निष्कर्ष अगदी शास्त्रशुद्ध होता. फक्त चुकीचा होता.

बिचाऱ्या काशिनाथने घरचा टेबलफॅन आणून मशीनसमोर लावला. मशीन बंद पडलं. मी म्हटलं, व्होल्टेज. त्याने स्टॅबिलायझर बसवला. मशीन बंद पडलं. मी म्हटलं, अर्थिंग. त्याने हॉलमागे खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला.

"सर, तुमी म्हनाल तर हीर पण खणतो," तो म्हणाला, "पण माझ्या इन्व्हर्टरचं नाव मोकलं करा."

तेवढ्यात आमच्या घरी दुसरीच कुरबुर.

"अहो, हा लॅपटॉप रात्री बंद करता ना?" ही म्हणाली.

"माझ्याच हाताने."

"मग सकाळी रुमाल उचलला तर ताप आल्यासारखा का लागतो?"

"बॅटरी म्हातारी झाली असेल."

"हो, घरात सगळ्यांचंच तसं झालंय," असं म्हणून ती गेली. मला वाटलं, टोमणा आहे. तो टोमणा नव्हता हो, पुरावा होता! पण पुरावा ओळखायला डॉक्टरेट पुरत नाही.

शेवटी मी स्वतःच किन्हवलीला गेलो. वैशालीच्या घरी राहिलो. लॅपटॉप मुरबाडला, रुमालाखाली. फळ्यावर शिकवलं आणि नंतर मशीनशेजारी खुर्ची टाकून पहारा दिला. काय आश्चर्य! मशीन एकदाही बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"सरांना घाबरतंय ते," रुपाली म्हणाली. "आमी पण घाबरायचो पयले."

"मी काय म्हणतो," काशिनाथ म्हणाला, "सरांचा एक फोटो लावू मशीनवर."

"अरे, हे विज्ञानाला धरून नाही!"

"हार नाय घालत ओ. नुसता फोटो."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी जन्मभर वर्गात सांगत आलो की दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नसतं. पण त्या दिवशी मनातून मला बरं वाटलं. आपल्या असण्याने कुठे काही चालतं, असं या वयात कोण म्हणतं?

मी मुरबाडला परतलो आणि त्याच संध्याकाळी मशीन बंद!

मग मात्र लोक कंटाळले. मशीनमध्येच खोट आहे, दात्याला परत देऊन टाकू, असं ठरायला लागलं. रुपालीचा फोन आला तेव्हा ती ओरडत नव्हती.

"सर, मशीन गेलं तर माझा पेपर गेला," ती हळूच म्हणाली. "दुसरीकडे कुठं बसू?"

त्या रात्री मी कुलूप किती वेळा ओढलं ते विचारू नका.

शेवटी दात्याकडचे दोघे जण रविवारी मशीन बघायला येणार, असं ठरलं. चालवून दाखवू, पटलं तर राहील, नाहीतर ते घेऊन जातील. वैशालीने मला लॅपटॉपसकट बोलावलं आणि माझा पडदा सगळ्यांना दिसावा म्हणून तो हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला. हॉल गच्च भरलेला. पाव्हणे पुढच्या रांगेत.

मी शिकवलं. माझा बाण खोल्याखोल्यांतून हिंडला, मुलांच्या चुका गोल करून आला. सगळं सुरेख! मुलं लगेच सरावाचा पेपर सोडवायला बसली.

"मशीन तर उत्तम चाललंय," पाव्हणे म्हणाले.

"सर हायत म्हणून!" मागून काशिनाथ.

टाळ्या पडल्या. मला शाल घातली, नारळ दिला. मी चार शब्द बोललो, डोळे पुसले. आणि निघायचं म्हणून, सवयीप्रमाणे, लॅपटॉप बंद करायला वळलो.

टीव्हीवर माझा बाण हळूहळू कोपऱ्याकडे निघाला. अख्खा हॉल बघतोय. कोपरा. शटडाउन. टिचकी.

हॉलमधले सगळे स्क्रीन एकदम काळे!

मशीनसमोर काशिनाथचा टेबलफॅन तेवढा घर्रघर्र फिरत होता.

"सर," रुपाली म्हणाली, "तुमी आता काय केलंत?"

"मी? काही नाही. लॅपटॉप बंद केला. निघताना बंद करायला नको?"

"रोज करता?" वैशालीने विचारलं.

"रोज!" मी अभिमानाने सांगितलं. "एक दिवस चुकलो नाही!"

वैशाली पुढे आली. तिने लॅपटॉपवर एक बटण दाबलं. काळा पडदा बाजूला झाला आणि मागून माझ्या नातीचा फोटो हसत बाहेर आला.

"सर, हा तुमचा लॅपटॉप. चालूच आहे. तिकडचं मशीन परत लावलं की चावी आपोआप जोडली जाते. मला वाटतं, मी बसवून दिल्यापासून हा कधी बंद झालेलाच नाय."

"मग मी रोज बंद काय करत होतो?"

"किन्हवली!" काशिनाथ ओरडला.

हॉल असा हसला म्हणता! पाव्हणे तर रुमालात तोंड घालून बसले. मालकाची चावी माझ्याकडे, आणि मी रोज चहा पिऊन, शांत चित्ताने, अख्ख्या चाळीचा मेनस्विच पाडून जेवायला बसत होतो! पोरं आत असताना!

मी शाल काढली आणि काशिनाथच्या खांद्यावर घातली.

"हे काय सर?"

"तुझ्या इन्व्हर्टरसाठी."

"मग त्यालाच घालतो," तो म्हणाला, आणि खरोखर जाऊन त्याने इन्व्हर्टरला शाल पांघरली. अजून आहे.

मशीन राहिलं. चांगल्या मशीनला काय धाड भरलीय, पाव्हणे म्हणाले. वैशालीने माझ्या चावीतून शटडाउन काढून टाकलं आणि फक्त 'डिस्कनेक्ट' ठेवलं. म्हणजे मी चाळीतून बाहेर पडतो, चाळ जागी राहते. मला वाटलं होतं, आता शिकवायला बोलावणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी रुपालीचा फोन, "सर, आज येताय ना? आता बिनधास्त या!" तिचा पेपर झाला, बरा गेला म्हणते. निकालाची धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त.

पण सवय अशी मोडली की विचारू नका. परवा आमची टाकी भरली, वाहिली, अंगणात तळं झालं, आमच्या चपला तरंगत फाटकातून बाहेर निघाल्या. मी पंपाच्या बटणासमोर हात मागे बांधून उभा.

"अहो, बंद करा ना तो!" ही ओरडली.

मी म्हटलं, "अगं थांब, आधी किन्हवलीला विचारतो. पलीकडे कोणी अभ्यास करत असलं तर?"