टाकीची वर्गणी

मागच्या रविवारी फोनवर मी सहज म्हटलं, "आत्ताच टाकीवर जाऊन आले," आणि तुम्ही दोघंही हसलात. या वयात आजी टाकीवर कशाला चढते, असं विचारलंत. तुमच्या आईने मध्येच विषय बदलला आणि उत्तर राहून गेलं. ते आता लिहून पाठवते. वाचायला वेळ लागेल, पण मराठीतच लिहिते आहे. यातला महत्त्वाचा भाग मी एकदा इंग्रजीत लिहिला होता आणि तेव्हा तो चुकला.

मुलुंडच्या आपल्या इमारतीच्या मागून डोंगरावर पायऱ्या जातात, त्या तुम्ही पाहिल्या आहेत. लग्न होऊन मी आले ती वरच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या बैठ्या घरात. तुमची आई तिथेच जन्मली. पालिकेचं पाणी पायथ्यापर्यंत यायचं, वर चढायला त्याला जोर नव्हता. आजही नाही. म्हणून वस्तीने कमिटी केली, पायथ्याशी एक सामाईक जोडणी घेतली, पंप बसवला आणि वर सिमेंटची टाकी बांधली. पंपाच्या खोलीसाठी तुमच्या आजोबांनीही पाठीवरून विटा वाहिल्या.

टाकीतून एकेका आळीला पाणी सोडायला लोखंडी चावी फिरवावी लागते. ते काम पहिल्यापासून एका काकींकडे आहे. काकी मालवणकडच्या, त्यांचे यजमान गिरणीत होते. आता त्यांचे गुडघे गेलेत, पण सकाळी साडेपाचला त्या चावीपाशी असतातच. पंपाच्या विजेसाठी आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक घर दरमहा काही देतं. त्याला सगळे वर्गणी म्हणतात, गणपतीला देतात तशी. कोणाचं काम सुटलं तर तो देत नाही, त्याऐवजी टाकी घासायला उतरतो.

पंपाच्या खोलीची सरकारदरबारी नोंद करायची होती तेव्हा अर्ज लिहायला मला बोलावलं. कॉन्व्हेंटात शिकलेली सून वस्तीत मी एकटीच. मी समास सोडून, स्वच्छ अक्षरात दोन पानं इंग्रजी लिहिलं आणि कमिटीला वाचून दाखवलं. कोणाला फारसं कळलं नाही, पण सगळे मान हलवत होते. मला ते आवडलं होतं, हे कबूल करते.

पुढे आपण खाली इमारतीत राहायला आलो. आजोबा गेले. वर जाणं हळूहळू कमी झालं.

गेल्या वर्षी एका दुपारी काकी दाराशी उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी केलेला कागद.

"वैनी, ह्यां वाच गो. कोणाक धड समजत नाय."

ती मालमत्ता कराची नोटीस होती. जुने कागद संगणकावर चढवताना आमची फाइल वर आली होती. टाकी आणि पंपाची खोली यांचा वापर व्यावसायिक आहे, तेव्हा मागच्या सगळ्या वर्षांचा कर त्या दराने भरा, मुदतीत न भरल्यास पंप सील होईल, असं लिहिलं होतं. मी आकडा वाचला, तेव्हा काकी खुर्चीवर बसल्या. पंप बंद म्हणजे पायथ्यापासून हंडे वर न्यायचे. काकींचं घर सगळ्यात वरचं आहे आणि तिथपर्यंत एकशे चौतीस पायऱ्या आहेत.

मला एवढं माहीत होतं, की नफा न घेता लोकांना पाणी देणाऱ्या अशा लहान सोयींना करात सूट असते. मग आम्हाला का नाही? हे विचारायला मी, काकी आणि कमिटीचे एक रिक्षावाले भाऊ कराच्या कार्यालयात गेलो.

तिथल्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी फाइल उघडली आणि माझ्यापुढे फिरवली. समोर माझंच अक्षर.

"सूट आहे ना आजी, पण धंद्याला नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याच अर्जात लिहिलंय बघा. कमिटी कन्झ्यूमर्सना पाणी पुरवते आणि वॉटर चार्जेस घेते. आम्ही याचा दुसरा काय अर्थ काढायचा?"

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. वर्गणीचं मी चार्जेस केलं होतं आणि शेजाऱ्यांचं कन्झ्यूमर्स. तेव्हा ते शब्द मला फार व्यवस्थित वाटले होते.

बाहेर आल्यावर मी दोघांना अर्थ सांगितला. भाऊ म्हणाले, "वहिनी, तुमचं इंग्लिश एवढं झकास, की सरकारला आपली खरोखरची कंपनी वाटली." कोणी हसलं नाही, तेही हसले नाहीत.

रिक्षात काकींनी नोटीस घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "वर्गणी म्हणान का नाय लिवलंस?"

"इंग्रजीत तसा शब्द सापडला नाही, काकी."

"मग तसोच ठेवचो होतो."

आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला आणि पंधरा दिवसांनी त्या बाई स्वतः टाकी बघायला आल्या. टाकीपर्यंत चढून त्या खाली पंपाच्या खोलीत परतल्या, तेव्हा त्यांना दम लागला होता. काकींनी आधी पाणी दिलं. बाईंनी मोटार पाहिली, मीटर पाहिला आणि विचारलं, "हा धंदा नाही हे कशावरून म्हणायचं, काकी? लेखी काही आहे?"

काकी उठल्या आणि पदराने भिंतीवरची धूळ पुसायला लागल्या. मोटारीच्या मागे निळ्या ऑइलपेंटमध्ये तुमच्या आजोबांच्या वाकड्यातिकड्या अक्षरातले पाण्याचे नियम दिसू लागले. मी ते विसरले होते. त्यात एक ओळ अशी होती: "ज्या घरी सुतक असेल त्या घराची त्या महिन्याची वर्गणी घेऊ नये. त्या आळीची चावी आधी सोडावी."

"धंदेवालो सुतक पाळता काय, बाय माझे?" काकी म्हणाल्या. "दुकानदार मयताच्या घराचे पैसे सोडता?"

सुतक म्हणजे घरात कोणी गेलं की पाळायचे दिवस. स्मशानातून परतल्यावर सगळ्यांना आंघोळ लागते, म्हणून पाणी आधी तिथे. तुमच्या पणजी गेल्या तेव्हा दुपारची वेळ होती, आमच्या आळीच्या पाण्याची नव्हे. माणसं परत आली तर दारातली दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली. काकींनी कोणी न सांगता चावी सोडली होती. त्या महिन्यात वर्गणी मागायला कोणी आलं नाही.

ती ओळ वाचताना मला माझा कच्चा मसुदा आठवला. हा नियम मी त्यात घेतला होता. सुतकाला इंग्रजी शब्द शोधत बराच वेळ बसले होते. एकही जुळेना. शिवाय वाटलं, साहेब लोक याला अडाणीपणा म्हणतील. म्हणून मी ती ओळ खोडली. वस्ती धंदा करत नव्हती याचा सगळ्यात चांगला पुरावा मीच काढून टाकला होता, आणि तो अज्ञानाने नव्हे, लाजेने.

बाईंनी भिंतीचा फोटो काढला. "हे अर्जात का नव्हतं?"

"मी गाळलं," मी म्हटलं.

"मग तसं लिहून द्या."

पालथ्या पिंपावर कागद ठेवून मी लिहून दिलं. मराठीत. वर्गणी, सुतक, चावी, सगळे शब्द होते तसे ठेवले.

तीन महिन्यांनी निकाल आला. या वर्षापासून सूट मंजूर, पंप सील होणार नाही. मागच्या वर्षांचा कर मात्र माफ झाला नाही, कारण तेव्हाच्या कागदावर जे लिहिलं होतं ते लिहिलेलंच होतं. तो हप्त्यांनी भरायचा होता. म्हणजे माझ्या दोन शब्दांसाठी सगळी वस्ती पुढची काही वर्षं जास्त देणार होती.

मी माझी एक ठेव मोडली आणि सगळी रक्कम घेऊन वर गेले. काकी चावीपाशी बसल्या होत्या, शेजारी पावतीपुस्तक घेऊन रिक्षावाले भाऊ. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उघडलंही नाही.

"दंड म्हणान माका नको," त्या म्हणाल्या. "वर्गणी म्हणान दी. एका घराची. सगळ्यांइतकीच."

"पण चूक माझी आहे, काकी."

"असात. पण खाली रव्हाक गेलंस म्हणान वर्गणी कित्याक बंद केलंस?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मला आता नळाला पाणी होतं, टाकीशी माझा संबंध संपला, असं मी धरून चालले होते. मी खाली मान घालून एका घराची वर्गणी काढून दिली. पावतीवर घराचा क्रमांक लिहायचा असतो, तो माझ्याकडे नव्हता. काकींनी भाऊंना सांगितलं, "लिव, खालची वैनी."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पायऱ्या चढते. मध्ये दोनदा बसते. वर पोचल्यावर काकी चहा देतात. त्या इंग्रजी अर्जाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. हप्ते अजून चालू आहेत.

तुम्हाला हे सांगण्याचं एक कारण आहे. मी जाईन तेव्हा तुम्ही लांब असाल आणि तुमची आई सगळं वेळेवर करणाऱ्यांतली आहे. ती त्या महिन्याचे पैसेही वर नेऊन देईल. तिला सांगा, नेऊ नकोस. ते घेणार नाहीत. भिंतीवर लिहिलेलं आहे.