कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

आमच्या साताऱ्याच्या कारखान्यात मशीनवर कॅमेरा बसवला, त्या दिवसापासून माझं त्याच्याशी जमलं नाही. सांगलीच्या आयटीआयमधून टर्नर होऊन आलेला माणूस मी. नवीन शिकायला माझी कधी ना नव्हती. पण शिकवणाऱ्याच्या तोंडात फार साखर असली की मला संशय येतो.

ट्रेनिंग द्यायला वाईची एक तरुण इंजिनियर आली होती. मशीनमधून तयार होऊन पडणाऱ्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. "हा फक्त खाली जॉबकडे बघतो," ती म्हणाली. "चांगला कुठला, खराब कुठला, हे तुमची निवड बघून शिकतो."

"आनि त्येचं शिकून झाल्यावर माजं काय, मॅडम?"

सगळे हसले. "काका, तुम्ही आहातच की," ती म्हणाली खरी, पण माझ्याकडे न बघता. पोरगी हुशार होती, म्हणूनच जास्त भीती वाटली. तेव्हापासून मी तंबाखू मळायलासुद्धा लांब लॉकरपाशी जायचो. सोबतचे चेष्टा करायचे, "गड्या, त्यो काय तुजा सासरा हाय व्हय?" मी चिडून म्हणायचो, एक दिवस त्याचा डोळाच झाकतो.

खंडेनवमीला आम्ही मशीन धुऊनपुसून पुजतो. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी बटणाला कोणी हात लावत नाही. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, मशीन चालू केलं, तर कॅमेरा एकेक जॉब नापास करत सुटला. चांगले लख्ख जॉब लाल खोक्यात पडू लागले. वर बघितलं तर त्याच्या काचेवर कुंकवाचा वाळलेला टिळा.

मॅनेजरसाहेबांनी मलाच बोलावलं. "डोळा झाकतो, असं तुम्हीच म्हणत होता ना? हे मुद्दाम केलेलं नुकसान आहे. घरी बसावं लागेल."

माझं बोलणं यांच्या कानावर घातलं कुणी, हा विचार मनातून जाईना. "आवं सायेब, देवाशपत मी न्हाई लावलं," एवढंच मी पुन्हापुन्हा म्हणत राहिलो. त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

तेव्हा कॅमेरा तपासायला आलेली ती इंजिनियर म्हणाली, "सर, पूजेच्या दिवशी मशीन बंद होतं, पण कॅमेरा चालूच होता. बघूया." तिने लॅपटॉप पुढे ओढला. पडद्यावर एक बोट पुढे येताना दिसलं, कुंकवानं माखलेलं, शेजारच्या बोटात पोवळ्याची अंगठी. तीच अंगठी टेबलावरच्या हातात होती. साहेबांनी तो हात हळूच टेबलाखाली नेला. पूजेचा मान त्यांचा. नव्या मशीनला डोळा आहे म्हटल्यावर त्यांनी भक्तिभावानं त्यालाही कुंकू लावलं होतं.

"अरेच्चा, विसरलोच मी," ते हसले. "जा काका, कामाला लागा."

मी सुटलो. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. उठता उठता मी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. बोटाच्या मागे, पार लांब लॉकरपाशी, मी उभा होतो. तोंड भिंतीकडे, तळहातावर तंबाखू.

"मॅडम," मी म्हणालो, "ह्यो निस्ता जॉबकडं बगतोय म्हनला हुता न्हवं तुमी?"

तिने लॅपटॉप मिटला.