दाजींचे उंदीर आणि अक्काची गोळी

उंदराच्या मनाला लागेल म्हणून जपून बोलणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. घरातले सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पारनेरजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले, औषधशास्त्र शिकले आणि एका फार्मसी कॉलेजात शिकवता शिकवता जे पांढऱ्या उंदरांच्या मागे लागले ते निवृत्त होईपर्यंत. विषय एकच. मेंदूच्या पेशीत ऊर्जा किती उरली आहे यावर नजर ठेवणारं एक एन्झाइम असतं. ऊर्जा कमी पडली की ते खर्चाला लगाम घालतं. सततच्या ताणानं त्याचं काम बिघडतं का, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी ते सावरतं का, हे दाजींना पाहायचं होतं. मला हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, मी चकली तोंडात धरलेली असताना सांगितलं. मी मान हलवली. तेव्हापासून मला विषय कळतो असा त्यांचा समज आहे.

उंदराला ताण द्यायचा म्हणजे त्याला अरुंद नळीत काही वेळ कोंडायचं. ते काम दाजींच्या जिवावर यायचं. एरवी वर्गात शुद्ध बोलणारा हा माणूस नळीशेजारी स्टूल घेऊन बसायचा आणि गावाकडच्या बोलीत उंदराची समजूत घालायचा. "थोडं सोस बाबा. आत्ता सोडतो. तुला काय लई दिस ठिवनार न्हाई." शेवटी त्यांची एक विद्यार्थिनी धीर करून म्हणाली, "सर, तुम्ही असं बोलत बसलात तर त्याला ताण येणार कसा?" तिचं खरं होतं. त्या खेपेला ताण दिलेले उंदीर आणि सुखात ठेवलेले उंदीर यांच्यात काडीचाही फरक निघाला नाही. सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला आणि त्या वेळी दाजींना प्रयोगशाळेबाहेर बसवलं.

माणसांचा ताण मात्र ते जागच्या जागी मोजत. रक्तदाबाचं यंत्र कायम पिशवीत. मिरजगावला एका लग्नात मुलीचे वडील मांडवाच्या दाराशी घामाघूम उभे होते. लोकांना वाटलं, उन्हाचं. दाजींनी त्यांना खुर्चीत बसवून दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि गुरुजींना हातानंच थांबा म्हणून सांगितलं. गावातल्या डॉक्टरांना बोलावलं, औषध दिलं, बराच वेळ गेला. वरपक्षातलं कोणी तरी मुहूर्त टळल्याबद्दल कुरकुरलं, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "मुहूर्त पुन्हा मिळंल. व्याही मिळायचा न्हाई." त्या मुलीला आता दोन मुलं आहेत. तिचे वडील अजून दर संक्रांतीला दाजींकडे हुरडा पाठवतात.

निवृत्तीनंतर दोघं पारनेरला राहायला गेली आणि अक्का विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग नातवाचं नाव. तिला रक्तदाब जुनाच, गोळीही जुनीच. दाजींनी तिला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळी आहे तीच चालू ठेवा म्हणून सांगितलं. नातेवाईक म्हणू लागले, इतकी वर्षं संशोधन केलंत, तुमच्याच प्रयोगातली गोळी द्या की. दाजींनी दिली नाही. त्यांनी फक्त घरातला ताण काढायला घेतला. दाराची कर्कश घंटा उतरवली. भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ भाच्याला देऊन टाकलं. अक्कानं भाजीत दोनदा मीठ घातलं तर ताटात दही वाढून घेत आणि निमूट जेवत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. अक्कानं मला तीनदा विचारलं, "चहा घेतला का?" दाजींनी तिन्ही वेळा माझ्या आधी, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं. मग ती एकदम नीट, पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या उंदरांना त्या गोळीनं फरक पडला ना?"

"पडला थोडा."

"मग मला पडंल का?"

दाजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. खोटं बोलणं सोपं होतं. आम्हालाही ते ऐकायला बरं वाटलं असतं.

"उंदराचं माणसाला लागू पडंलच असं न्हाई. मला ठाऊक न्हाई गं," ते म्हणाले.

"बरं झालं सांगितलं," अक्का म्हणाली. "मी उगं वाट बघत बसले असते." आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला, त्यांचीच समजूत घालावी तसा. दाजींनी तो हात बराच वेळ तसाच राहू दिला.

परतताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. सुपं गाव मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "निघताना अक्कानं मला दोनदा कुंकू लावलं."

"मग?"

"मी दोन्ही वेळा कपाळ पुढं केलं."