काकांना कन्सोल का नको होता

आभाळकाका आणि काकू टीव्हीवर होडीचा खेळ खेळतात हे कळल्यावर शेजाऱ्यांनी आधी मनसोक्त हसून घेतलं. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा आपला गेमचा कन्सोल मागे ठेवून गेली होती. दुसऱ्या कुणी तो गुंडाळून माळ्यावर टाकला असता. या दोघांनी तो चालू केला. खडकांनी भरलेली नदी, तिच्यात एक होडी. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने वल्हं मारायचं. काका सुकाणूवर, काकू वल्ह्यावर. जेवणं आटोपली की दोघं सोफ्यावर खेटून बसत आणि कडाकडा भांडत. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं मनमोकळं भांडण त्यांना कधी जमलं नव्हतं.

काका उंच क्रेन चालवत. दिवसभर बांधकामाच्याही वर, काचेच्या केबिनमध्ये, दोन हातांत दोन लिव्हर; म्हणून साइटवर ते आभाळकाका. माणूस नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा आणि चांगलाच हेकट. हातांचा मात्र भारी गर्व. खाली शिट्टीभाऊ असायचा. वरून जे दिसत नाही ते त्याने पाहायचं, हाताने इशारे करायचे, शिट्टी मारायची, आणि वजन टेकायला आलं की पुढे होऊन ते धरायचं. त्याच्याबरोबर आणखी दोघंतिघं असत.

तर अशा या काकांची होडी खडकांवर आपटायला लागली.

"अहो, डोळे मिटून चालवताय की काय?" काकू हसत सुटल्या.

काकांनी खापर हातातल्या कंट्रोलरवर फोडलं. नवा आणला. होडी तशीच. मग एका सुट्टीच्या दुपारी, काकू बाजारात गेल्या असताना, त्यांनी एकट्यानेच खेळ लावला. काहीही हलवायचं नाही असं ठरवून कंट्रोलरच्या दांडीवर अंगठा नुसता टेकवला. पडद्यावरची होडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे तोंड फिरवत राहिली. त्यांनी कंट्रोलर बाजूला ठेवला, हात मांडीखाली दाबला आणि काकू येईपर्यंत तसेच बसून राहिले.

त्या दिवसापासून भीती त्यांच्याबरोबर शिडी चढायला लागली. क्रेनचे लिव्हर जड असतात, एवढीशी थरथर ते गिळून टाकतात, असं ते स्वतःला बजावत. पण केबिनमध्ये बसलं की नजर सारखी खाली जायची. खाली माणसांच्या नुसत्या टोप्या दिसत. वजन त्या टोप्यांच्या जवळून उतरायला लागलं की काका श्वास रोखून धरत. डॉक्टरकडे जायचं त्यांनी मनातही आणलं नाही. डॉक्टर दुखण्याला नाव देणार, आणि नाव पडलं की केबिनला कायमचा रामराम. खाली उतरून हा माणूस करणार काय होता? जमिनीवरचं त्याला काहीच येत नव्हतं.

अशात त्या खेळाचा दुसरा भाग आला. काकू हरखल्या आणि रविवारी काकांना घेऊन दुकानात गेल्या.

"कॉम्प्युटरवर खेळणार की कन्सोलवर?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर," काका इतक्या घाईने म्हणाले की त्या बाईही दचकल्या.

काकांनी सगळा विचार करून ठेवला होता. कॉम्प्युटरवर बटणं असतात. बटण दाबलं तर दाबलं, नाही तर नाही; हात कापतो की नाही याची ते चौकशी करत नाही.

"अहो, कॉम्प्युटरसमोर खुर्ची एकच आहे," काकू म्हणाल्या. "मी काय तुमच्या मांडीवर बसून वल्हं मारू?"

"कॉम्प्युटरवर चित्र चांगलं दिसतं."

"मला कंटाळलात का?"

हे मात्र काकांना लागलं. खरं सांगावं तर सगळं संपतं, गप्प राहावं तर बायकोला भलतंच वाटतं. ते खेळाच्या खोक्यावरचं चित्र बघत राहिले. काकूंचा चेहरा उतरला.

"दोन्ही लावून बघा की," बाई म्हणाल्या. "इथे सोय आहे."

कॉम्प्युटरवर काकांनी होडी झकास नेली. मग बाईंनी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. नको म्हणावं तर कारण द्यावं लागलं असतं. होडी लगेच थरथरायला लागली.

"दांडी थोडी नाजूक असते," बाई म्हणाल्या. "सेटिंगमध्ये कमी करता येतं. मग हात थोडाफार हलला तरी खेळ तिकडे लक्ष देत नाही."

काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कंट्रोलर हळूच काढून घेतला आणि बाईंना म्हणाल्या, "कन्सोलचाच द्या."

बाहेर बसथांब्याच्या बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि रोज वर जाताय?"

"क्रेनवर कळत नाही ते."

"कुणाला कळत नाही?"

उद्या मोठ्या काचा चढवायच्या होत्या. ती काच मधेच झोका खाते आहे आणि खालच्या टोप्या वर बघताहेत, हे त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या दिसलं, आणि ते घाबरले. इतके, की काकूंचा हात त्यांनी गच्च धरला. काकूंनीच त्यांच्या खिशातून फोन काढला.

काकांनी साइटच्या साहेबांना लावला नाही, शिट्टीभाऊला लावला.

"उद्या मी वर चढणार नाही," ते म्हणाले. "माझा हात कापतो."



"माहीत आहे काका. क्रेनचा हूक कसा डुलतो ते बघतो ना मी रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या हाताखाली शिकलो मी. तुमच्या तोंडावर कसं सांगू? आज ना उद्या तुम्हीच सांगाल, म्हणून थांबलो."

"अरे, खाली माणसं असतात!"

"नसतात. वजन टेकायला आलं की सगळ्यांना लांब पाठवतो. धरायला मी एकटाच जातो."

काकांना एकदम आठवलं. वजन टेकताना खाली हल्ली एकच टोपी दिसायची. माणसं कमी केली असतील, असं ते धरून चालले होते.

"तुला भीती नाही वाटली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"वाटायची की," शिट्टीभाऊ म्हणाला. "रोज घरातून निघताना पोरीला जवळ घेऊन निघायचो."