रेपोत नसलेली ओळ

भूतखेत मी कधी मानलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचून हसायचोच. आज स्वतः लिहायला बसलोय... चुकलं तर सांभाळून घ्या, शिक्षण नववीपर्यंतच.

मी चंदगडकडचा. केबल खोदायच्या कामावर वाशिम जिल्ह्यात आलो आणि मुकादम अर्ध्यात पळाला. शेलूबाजारच्या एका छोट्या ऑफिसात संजूभाऊंनी मला ठेवून घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत. आमचं ऑफिस शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालवायची यंत्रं बनवतं. लाईट आली की ठरल्या वेळेत मोटर आपोआप सुरू. कोणती कधी, ते सगळं एका फाईलीत. ती फाईल रेपोत, म्हणजे कोड ठेवतात तिथं. मला रेपो जमेना, म्हणून भाऊंनी विकीवर — आमच्या टीमची माहितीची वही म्हणा — एक पान केलं. त्यात रेपोतली फाईल जशीच्या तशी दिसायची. पानावर लिहिता येत नाही, नुसतं दिसतं.

"हा आरसा हाये लेका," भाऊ म्हणायचे. "आरसा अन् रेपो येगळे दिसले, तं रेपो खरा. आरशाच्या भरोशावर कोनाची मोटर बंद करशीन, तं मार खाशीन माह्या हातचा!"

मागच्या पावसाळ्यात मालेगावच्या रस्त्यावर भाऊंच्या गाडीला अपघात झाला. भाऊ गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी साडेदहाला मी पान उघडलं. सात नंबरच्या विहिरीच्या नोंदीखाली एक ओळ जास्तीची —

"आज चालू नोको होऊ देऊ लेका. मानूस हाये खाली."

कोड लिहिणाऱ्या पल्लवीताईला बोलावलं. "ताई, हे तुम्ही लिहिलं?"

"मी कायले लिहू?" ती वाकून बघत राहिली. "हे तं भाऊचं लिहिनं हाये... जुनं काही अडकलं असंल पानात. रेपो पाय तू."

रेपोत ओळ नव्हती. भाऊंनी केलेले जुने बदल एकेक करून पाहिले. कधीच नव्हती. पान पुन्हा लोड केलं. ओळ तिथंच.

शेतकऱ्याला फोन लावला, उचलला नाही. बंदचं बटण माझ्या मोबाईलवर होतं. बोट गेलंही तिथवर. पण न विचारता बंद केली आणि नोकरी गेली तर? घर इतकं लांब... आणि भाऊंचा नियम. रेपो खरा. मी मोबाईल खाली ठेवला.

त्या भागात लाईट बाराला येते. त्याच भरवशावर आमचे फिटर गजूभाऊ सात नंबरच्या विहिरीत पाण्यातल्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह काढायला उतरले होते. उतरण्याआधी ऑफिसला फोन करायची आमची पद्धत. "पाच मिनिटाचं काम" म्हणून त्यांनी केला नाही, असं शेतकऱ्यानं नंतर सांगितलं. त्या दिवशी लाईट अकराला आली. वायर कुठंतरी सोललेली होती; मोटर आपोआप सुरू झाली आणि करंट पाण्यात उतरला.

दुपारी पान उघडलं तर ओळ गेलेली. ताईनंही पाहिली होती, म्हणून मी वेडा नाही एवढंच. भाऊंचं खातं ते गेले त्याच आठवड्यात बंद केलेलं. एका जाणकाराला विचारलं, तो म्हणाला, रेपोत नाही ते पानात येऊच शकत नाही. मग कुठून आली?

तेराव्याला गेलो. गजूभाऊंच्या बायकोनं पाणी आणून दिलं. "लांबचे हा तुमी, जेऊन जाजा," म्हणाली. मग तिथंच उभी राहिली.

"भाऊ, तुमाले हाफिसात काईच समजलं नोतं का?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "काहीच नाही."